भोकाचं पान मारुतीला चालत नाही

आमच्या वाडीत मारुतीला शनिवारी रुईची माळ जाते ती कमळाकाकूच्या घरून. जायची, म्हणायला हवं आता. हा मान तिच्या सासऱ्यापासूनचा. पानं एकवीस, आपल्या घरामागच्या परड्यातली, आणि सबंध. भोक पडलेलं पान मारुतीला चालत नाही. त्या बदल्यात हनुमान जयंतीला पहिला नारळ त्या घराला. नारळ काय, काकूच्या दारच्या माडावर ढीगभर लोंबतात. पण पहिला तो पहिला. आमच्याकडचा माणूस एक वेळ आंब्याची कलमं भावाला सोडून देईल, मान सोडणार नाही.

काकू फटकळ. म्हशीला आणि सरपंचाला एकाच आवाजात हाकणारी. नवरा भिकाजी जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा हर्षद मुंबईला. परड्यातल्या रुईवर पावसाळा सरताना अळ्या पडायच्या, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, मधे पिवळे ठिपके. काकू त्या वेचायची आणि चपलेखाली घ्यायची. तिचा हिशोब सरळ होता, पान देवाचं, अळी चपलेची.

मग एका साली तिचा गुडघा धरला. दोन महिने मागच्या दाराच्या पायरीवर बसून राहण्याशिवाय दुसरा उद्योग नाही. रुई समोरच. तेव्हा तिनं पाहिलं की ही अळी एकदम पान खात नाही. आधी शीर कुरतडते, चीक गळू देते, मग निवांत चरते. कुठून शिकली हे, असं तिनं मला विचारलं होतं. मला काय ठाऊक. पुढं हिरवे कोष लटकले आणि एका सकाळी त्यातून तांबूस फुलपाखरू ओलं-ओलं बाहेर आलं. काकूनं चहा तसाच ठेवला. त्यानंतर तिनं अळी मारली नाही. उलट वाऱ्यावर आलेल्या रुईच्या म्हाताऱ्या धरून, त्यांचं बी पेरून आणखी चार रुया लावल्या. बायका हसल्या, की ही बया आता अळ्यांची बाळंतपणं करते.

रुया वाढल्या तशा अळ्याही वाढल्या आणि सबंध पान मिळेना. ही अडचण तिनं एकाच माणसाला सांगितली, धाकट्या दिराला, आत्मारामला. ती लग्न होऊन आली तेव्हा तो चार वर्षांचा, नाक पुसायची अक्कल नसलेला. तिनंच त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, पुढं त्याच्या लग्नात आईच्या जागी उभी राहिली. तिला सांगायला दुसरं कोण होतं?

"वैनी, पुलाजवळ रुई हाय," आत्माराम म्हणाला. "मी आणतो पानं, तू माळ कर. देव काय पत्ता इचारतो?"

आणि दोन वर्षं दर शुक्रवारी तो आपल्या मोटरसायकलवरून पानं आणून देत होता. चहा पिऊन जात होता.

यंदा गणपतीत मुंबईकर आले आणि गावकीची बैठक बसली. पुरुष देवळात, बायका बाहेर पायऱ्यांवर. सगळे विषय संपल्यावर आत्माराम उठला. वैनीची पानं परड्यातली नाहीत, म्हणाला. परड्यात ती अळ्या पोसते आणि देवाला मसणवटीतली पानं घालते.

मसणवट पुलाच्या पलीकडं. रुई अलीकडं. मधे अख्खा वहाळ. हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

पायरीवरून काकू म्हणाली, "आणली कोणी, ता पण सांग."

बाईमाणसानं मधे बोलू नये, असं म्हणून गावकीच्या प्रमुखानं, गावकरानं, तिला गप्प केलं. आत्माराम खाली बघत होता. हर्षद आईच्या बाजूनं उठेल असं वाटलं, पण तो मोबाईल उलटासुलटा करत राहिला. नंतर आईला म्हणाला, जाऊ दे, काकाच आहेत, मान घरातच राहिला. मीही तिथं होतो. तुला कसं रे ठाऊक, एवढं एक वाक्य विचारायचं होतं. कुणी विचारलं नाही, मीही नाही.

मान आत्मारामला गेला. पहिल्या शनिवारची पानं त्यानं कुठून आणली, तेही कुणी विचारलं नाही.

पण माळ परड्यातली हवी, आणि परडं दोघांचं सामायिक. बुधवारी तो कलमांवर फवारायचा पंप काकूच्या मागच्या दारी ठेवून गेला. उद्या सकाळी रुया फवारतो, म्हणजे नवी पालवी सबंध येईल, असं आपल्या सुनेकरवी सांगून पाठवलं त्यानं. स्वतः तोंड दाखवलं नाही.

काकूनं पंपाला हात लावला नाही. सूप घेतलं, आणि दुपारभर पानासकट अळ्या खुडल्या. रुईशिवाय त्यांना दुसरं काही चालत नाही. कोष लागलेल्या फांद्या तोडून वरून ठेवल्या. सूप डोक्यावर घेऊन ती पाखाडीच्या पायऱ्या उतरली, गुडघा धरत, पुलाच्या दिशेनं.

वाटेत मागून मोटरसायकल आली. आत्मारामनं पाय टेकला.

"वैनी, गुडघा दुखतो ना तुझा. बस मागं, सोडतो."

काकू थांबली. सूप खाली घेतलं, त्याच्यासमोर धरलं.

"ह्या खातात ता पोटासाठी, आत्माराम. तुका मी काय कमी वाढलं होतं?"

त्यानं गाडी वळवली आणि तो गेला. काकूनं पुलाजवळच्या रुईवर एकेक अळी सोडली. हाताला चीक लागला होता, तो वहाळात धुतला. काही कोष वाटेतच चिरडले होते, ते तिथंच टाकले.

शनिवारी देवळात माळ सबंध पानांची होती. दर शनिवारी येणारी काकू आली नव्हती. त्याच्या पुढच्या शनिवारीही आली नाही.