पऱ्हाटी, गाळ आणि न पेरलेले टोमॅटो

गावाबाहेरच्या सांडपाण्याच्या नाल्याकाठी टोमॅटोची रोपे जोमाने वाढलेली आपण कधी ना कधी पाहिली असतील. तिथे कोणाची बाग नसते, कोणी बी पेरलेले नसते. मग ती येतात कुठून? उत्तर थोडे संकोचाचे आहे. टोमॅटोचे बी आपल्याला पचत नाही. ते पोटातून सुखरूप बाहेर पडते, संडासाच्या टाकीत उतरते आणि उपसलेला गाळ जिथे टाकला जाईल तिथे उगवते.

या गाळाचे खत करणारी एक भागीदारी यवतमाळ जिल्ह्यात उभी राहिली आहे, असे कळले. नोकरीभर मृदाशास्त्र शिकवलेल्या बाईला एवढे निमंत्रण पुरते. गुडघे नको म्हणत होते, तरी निघाले.

नागपूरहून सकाळच्या रेल्वेने धामणगाव गाठावे, तिथे तर्री-पोहे खाऊन घ्यावेत आणि बाभुळगावची एसटी धरावी. महिलांना तिकीट अर्धे आहे. बसायला जागा मिळेलच असे नाही. मी उभ्यानेच गेले. होळी होऊन गेली होती. दोन्ही बाजूंच्या शेतांत पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेल्या वाळक्या झाडांचे, ढीग लागले होते आणि काही धुमसत होते. तो धूर डोळ्यांत घेऊन मी उतरले, तेव्हाच निम्मी थकले होते.

फाट्यावर रफिकभाई गाडी घेऊन उभे होते. संडासाच्या टाक्या उपसणारे टँकर त्यांचे. नगरपंचायतीने गावाबाहेर जागा दिली आहे. टँकरमधला गाळ तिथे वाळवला जातो, आणि संघमित्राताईंचा बचत गट त्यात पऱ्हाटीचा चुरा मिसळून खत करतो. ते खत वणीचे एक ठेकेदार कोळसा खाणीतून उपसलेल्या मातीवर झाडे लावण्यासाठी घेणार होते. पहिला ट्रक दुसऱ्या दिवशी निघायचा होता. (गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही.)

यातले शास्त्र मोठे देखणे आहे. गाळात नत्र भरपूर, पण तो चिकट. त्यात हवा शिरत नाही. पऱ्हाटीच्या चुऱ्यात कर्ब असतो, शिवाय त्याच्या तुकड्यांमुळे ढिगात पोकळ्या राहतात. त्या हवेवर सूक्ष्मजीव पोसले जातात, ढीग आतून तापतो आणि त्या तापात रोगजंतू मरतात. शेतात जाळून टाकायची वस्तू इथे अशी कामी येते!

पण समोरचा ढीग पाहून मी थबकले. वस्तीतून वासाची तक्रार आली होती. त्यावर गटातल्या बायकांनी, कुडाची भिंत लिंपावी तसा, माती-शेणाने सगळा ढीग लिंपून काढला होता. बोटांच्या रेषासुद्धा सुबक उमटल्या होत्या.

"एक भेग नाही ठेवली बायांनी," रफिकभाई कौतुकाने म्हणाले. "वास एकदम बंद!"

संघमित्राताई मला मागच्या बाजूला घेऊन गेल्या. तिथे लिंपण तडकले होते आणि फटीतून हिरवी रोपे डोकावत होती.

"भेद्रं," त्या म्हणाल्या. इकडे टोमॅटोला भेद्रं म्हणतात. "बी जित्तं आहे, म्हणजे आत तापलंच नाही. खरं का नाही मॅडम?"

खरेच होते. वासाबरोबर हवाही कोंडली गेली होती आणि ढीग गार पडला होता.

"मॅडम आल्या अन् माल कच्चा झाला!" रफिकभाई वैतागले. "कालपर्यंत पक्का होता. रोपं उपटून फेक न ताई. उद्या ट्रक येऊन राह्यला. हा ठेकेदार गेला तर दुसरा कोण घेते आपला गाळ?"

"गाडी नाही भरत मी," ताई म्हणाल्या.

"अन् त्याले सांगणार कोण?"

"मीच जातो उद्या." इकडे बायकाही ‘जातो’च म्हणतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी यवतमाळहून करंजी-मारेगावमार्गे वणीला निघालो. हा प्रवास करणाऱ्यांनी पांढरे कपडे घालू नयेत. वणी जवळ येते तसे कोळशाचे ट्रक वाढतात आणि सगळ्याच गोष्टींवर एक करडा थर बसतो. गटाची पहिली विक्री मोडायला आपण स्वतःच निघालो आहोत, असे ताई वाटेत एकदा म्हणाल्या.

खाणीतून उपसलेल्या मातीचा उघडाबोडका डोंगर, त्यावर खणून ठेवलेले खड्डे आणि पायथ्याशी छत्री धरलेले ठेकेदार प्रमोदभाऊ. सगळे ऐकून ते चिडले.

"कच्चं तर कच्चं! इथं काय भाजीपाला लावून राह्यलो मी? झाडाले टाकायचं आहे. झाड काय आजारी पडते?"

"झाड नाही पडत, भाऊ," ताई म्हणाल्या. "पण हे खड्डे भरते कोण?"

वर चढणीवर बायका घमेली घेऊन चालल्या होत्या. कोणाच्याच हातात मोजे नव्हते.

प्रमोदभाऊंनी वर पाहिले आणि छत्री मिटली. "पावसाच्या आत द्या," ते म्हणाले. "नाही तर मी कोंबडीखत घेतो. मग मले म्हणू नका."

एवढेच पदरात घेऊन आम्ही परतलो. परतीच्या बसमध्ये ताई झोपल्या. मीही पेंगत होते.

नागपूरला पोहोचले तेव्हा अंगात त्राण नव्हते. शास्त्र सोपे असते. ते चार जणांच्या सोयीतून, घाईतून आणि शेजाऱ्यांच्या नाकातून पार नेताना माणूस दमतो. पुढे ताईंचा फोन आला. लिंपण फोडून, आणखी चुरा घालून सगळा ढीग त्यांनी पुन्हा रचला होता. वासाच्या तक्रारी पुन्हा सुरू झाल्या होत्या आणि त्या ऐकून घेण्याचे काम रफिकभाईंकडे आले होते. "पण मॅडम," त्या म्हणाल्या, "आज ढिगातली सळई हातात धरवली नाही."

आपल्या सोसायटीत किंवा शेतावर खताचा मोठा ढीग असेल, तर आपणही पाहा. ऊन चढण्याआधी एक लोखंडी सळई ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसा. चहा सावकाश पिऊन या. मग ती बाहेर काढा, पुसा आणि आत गेलेला भाग मुठीत धरून पाहा. चटकन सोडावी लागली, तर आत काम चालू आहे. नुकताच रचलेला ढीग असून सळई खुशाल धरून ठेवता आली, तर ते खत कोणाच्याही उघड्या हातात देऊ नका.