बाकावरचा गोलकीपर

इनासकाका गेले त्याला आता दीडेक महिना होईल. त्या सकाळी मी मुलीचा डबा भरत होते आणि खिडकीतून समोरच्या ड्राइव्हवेमध्ये त्यांच्या गाडीचा धूर दिसत होता. हिवाळ्यात काका रोज सकाळी गाडी सुरू करून काचांवरचा बर्फ खरवडायचे, कुठे जायचं असो वा नसो. पण त्या दिवशी धूर निघतोय तर निघतोच आहे... माझ्या मनात पाल चुकचुकली, तेवढ्यात मोनिकाकाकूंचा फोन आला. “बाय, जरा ये गं. इनास गाडीतून उतरतच नाहीत.” मी पोचले तेव्हा काका स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. बूट, कोट, टोपी, सगळं जिथल्या तिथे. ॲम्ब्युलन्स आली, पण उपयोग नव्हता. हार्ट अटॅक, असं नंतर कळलं.

काका मूळचे वसईचे. ऐन तारुण्यात कॅनडात आले, गाड्यांच्या कारखान्यात नोकरी केली आणि रिटायर होऊन इथल्या, कॅनडातल्याच, केंब्रिजमध्ये आमच्या बरोबर समोरच्या घरात काकूंबरोबर राहत होते. मुलगा दूर व्हँकूवरला. मी नागपूरची. आम्ही इथे राहायला आलो त्याच आठवड्यात मी मेलबॉक्सपाशी उभी राहून आईशी फोनवर भांडत होते, तर मागून आवाज आला, “आईला उलट बोलू नये, बाय. पण मराठीत भांडतेस, ते ऐकून बरं वाटलं.” आमची ओळख झाली ती अशी. माणूस भयंकर काळजीखोर. गाडीची पेट्रोलची टाकी कधी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत, विंटर टायर्स सगळ्यांच्या आधी चढवायचे आणि गाडी नेहमी रिव्हर्समध्ये आत घ्यायचे, रस्त्याकडे तोंड करून. “काका, बँक लुटून पळायचंय का?” असं मी एकदा चिडवलं. ते हसले नाहीत. “वेळ सांगून येत नाही,” एवढंच म्हणाले.

पुढे माझीच वेळ आली. मला तिसऱ्यांदा दिवस राहिले. आधीची दोन्ही बाळं पोटातच गेली होती, त्यामुळे या वेळी आनंदाच्या आधी भीतीच येऊन बसली. डॉक्टरांनी बेड रेस्ट सांगितली, आईचा व्हिसा अडकला आणि माझ्या नवऱ्याची, विवेकची, नोकरी मॉन्ट्रियलला. तो शुक्रवारी यायचा, रविवारी जायचा. मधले सगळे दिवस मी एकटी, बाहेर बर्फ... आणि पोटातली हालचाल जरा थांबली की जिवाचं पाणी पाणी व्हायचं. अंथरुणात पडून मी समोरची गाडी बघत राहायचे. काका रोज काकूंनी दिलेला डबा घेऊन यायचे, आमच्या ड्राइव्हवेमधला बर्फ शोव्हल करायचे आणि निघताना बजावायचे, “एक रिंग दे, बस. मी बूट काढतच नाही.” मला वाटलं, गंमत करतात. काकू म्हणाल्या, “गंमत कसली? सोफ्यावर झोपतात तेपण बूट घालून. माझा कार्पेट बघ ये.”

एका दुपारी ते आले तेव्हा मी रडत होते. डबा ठेवून त्यांनी मला त्यांच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमची गोष्ट सांगितली. पन्नासच्या दशकातली, मुंबईतली. वसईला भात कापून झालं की रिकाम्या शेतात अनवाणी खेळत वाढलेला हा मुलगा टीममध्ये घेतला गेला, पण राखीव गोलकीपर म्हणून. पहिला गोलकीपर दुमिंग, त्यांच्याच गावचा. राखीव माणसाचा नंबर लागायचा तो मॅचआधी कुणी आजारी पडलं तरच. एकदा शिट्टी वाजली की बदली खेळाडू घ्यायचा नाही, असा तेव्हाचा नियम. तरी काका गुडघ्यांना पट्ट्या बांधून, आईने विणलेला स्वेटर घालून शेवटपर्यंत बाकावर ताठ बसायचे. त्या सीझनला टीम नुसती सुटली होती, जिंकत फायनलला गेली. दुमिंग एकदाही आजारी पडला नाही. “आत गेलो तर काय होईल याची भीती, आणि जायलाच मिळणार नाही याचीपण. पूर्ण सीझन दोन्ही घेऊन बसलो, बाय.”

फायनलमध्ये टीम एका गोलने पुढे होती. मॅच संपत आली असताना दुमिंग समोरच्याच्या पायांत पडला आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. काका उठले, स्वेटर काढला, रेषेपर्यंत गेले. नियम त्यांना ठाऊक होता, पण पाय काही थांबले नाहीत. रेफरीने नुसता पंजा खाली दाबून दाखवला... बस. मग बचावातल्या एका बॅकला गोलमध्ये उभं केलं. बिचाऱ्याच्या डोक्यावरून एक साधा बॉल आत गेला, मग आणखी एक गेला, आणि कपही गेला. “तो पहिला बॉल मी झोपेत अडवला असता,” काका म्हणाले आणि त्यांनी रेफरीसारखा हात खाली दाबून दाखवला. मी रडायची थांबले, पण तो हात काही डोळ्यांपुढून जाईना.

कळा सुरू झाल्या त्या शनिवारी, दिवस भरायच्या थोडं आधीच. बाहेर फ्रीझिंग रेन, पडताच गोठणारा पाऊस, रस्त्याची काच झालेली. पण विवेक घरी होता. त्याने मला आमच्या गाडीत बसवलं. समोर काका कोट घालून, गाडी सुरू करून, ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत येऊन उभे. विवेकने घाईघाईत काच खाली केली, हात बाहेर काढला आणि पंजा खाली दाबत ओरडला, “काका, तुम्ही घरात बसा, मी आहे.” कळांमध्येही मला तो रेफरी दिसला. विवेकला काय माहीत? मी वळून पाहिलं, तर काका तिथेच उभे होते, डोक्यावर पाऊस झेलत.

मुलगी झाली, धडधाकट. दुसऱ्या दिवशी काका-काकू हॉस्पिटलमध्ये आले. मी म्हटलं, “काका, आख्खा हिवाळा तुम्ही बूट घालून बसलात, आणि ऐन वेळी...” त्यांनी बाळाला दोन्ही पंजे जुळवून, छातीशी धरून घेतलं. मग म्हणाले, “बोलावलं नाहीस ते बरं झालं. राखीव गोलकीपर लागतो तेव्हा कुणाचं तरी हाड मोडलेलं असतं. काल कुणाचंच मोडलं नाही. आणि मी येडा, इतकी वर्षं त्या रेफरीला शिव्या देत बसलो.”

काकूंना ड्रायव्हिंग येत नाही. मुलगा म्हणतो, गाडी विकून टाक. काकू म्हणतात, बघू. ती अजून तशीच उभी आहे, रस्त्याकडे तोंड करून. किल्ली माझ्याकडे आहे. सकाळी डबा भरून झाला की मी जाऊन ती सुरू करते, काचा खरवडते. विवेकची नोकरी आता इकडेच आहे. तो म्हणतो, आपली गाडी आहे ना दारात? आहे. तरीही मी जाते.

परवा संध्याकाळी काकूंचा फोन आला. “बाय, जरा ये गं.” तेच शब्द. मी फोन ठेवला की नाही, तेही आठवत नाही. रस्त्यात एकदा घसरले. दार ढकलून आत शिरले, तर काकू किचनमध्ये लोणच्याची बरणी घेऊन उभ्या. “झाकण निघत नाही. इनास काढून द्यायचे.” मी झाकण काढून दिलं. काकूंची नजर माझ्या पायांकडे गेली. बूट घालूनच मी थेट आत आले होते. खरं तर काका गेल्यापासून मी संध्याकाळी घरात बूट काढतच नाही. काकू कार्पेटबद्दल काही बोलल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, हाताचा पंजा हलकेच खाली दाबला आणि म्हणाल्या, “बस. काही झालेलं नाही.”