कडूबानं भंडारा उचलला नाही

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात माझे यजमान भोकरदनकडच्या एका गावी पाझर तलावाच्या कामावर देखरेखीला होते. दुष्काळी कामावरच्या मजुरांना दुपारी सुकडी, म्हणजे भाजक्या पिठाचा गोडसर कोरडा खाऊ, वाटत. तिची पोती आमच्या बिऱ्हाडासमोरच्या कोठीत असत, आणि कोठीचा राखणदार होता कडूबा.

पस्तिशीचा, काटकुळा माणूस. छप्पन साली त्याच्या बापाने दीक्षा घेतली आणि घरातले देव नदीत सोडले. तेव्हापासून कडूबा कुणापुढे हात जोडत नसे. रोज कोठी झाडताना सांडलेली सुकडी तो चाळून पुन्हा पोत्यात भरी. एकदा मी म्हटले, "अरे, सांडलेली तरी मुलीला ने."

"सांडलेली किती आन् सांडवलेली किती, हे मंग माझ्याबिगर कोन सांगन, बाई?"

मे महिन्यात एक पोते गेले. गावचे कारभारी अप्पाराव यांनी जुन्या रीतीने निवाडा ठरवला. कोठीशी संबंध असलेल्या पाचही जणांनी देवीसमोर बेल-भंडारा उचलायचा. हातात बेलाचे पान आणि हळद घेऊन 'मी चोरी केली नाही' असे म्हणायचे. खोटे बोलणाऱ्याचे देवी वाटोळे करते, ही गावाची खात्री.

चौघांनी उचलला. त्यात अप्पारावांचा पुतण्या श्रीपतीही होता. सुकडी वाटण्याचे काम त्याच्याकडे असे. कडूबा देवळाच्या पायरीखाली उभा राहिला.

"तोंडानं सांगून राह्यलो ना, मी न्हाई घेतलं. भंडारा न्हाई उचलनार."

"तुला देवच न्हाई," अप्पाराव म्हणाले, "मंग भीती कुनाची? ज्याला भीती न्हाई त्याचं बोलनं काय म्हून धरावं?"

"मला माझी भीती हाय, अप्पा."

"घ्या! सोताच चोर आन् सोताच फौजदार!" कुणीतरी म्हणाले. लोक खो खो हसले.

चतुराबाई, त्याची बायको, दिवस गेलेली. ती पुढे आली. "अवो, उचला की! तुम्ही देवीला मानीत न्हाई ना? मंग नुसती हळदच हाय ती. हजेरीवरून नाव कटलं तर पोरीनं काय खावं?"

"हळदच हाय म्हून तर," तो म्हणाला. "हळद हातात घेऊन मी आज खरा ठरलो, तर इतके दिवस काय खोटा होतो?"

हे सारे मी आमच्या ओसरीतून ऐकले. देऊळ समोरच होते. बोलताना कडूबा दोन-तीनदा वळून आमच्या घराकडे पाहत होता. का, ते मला तेव्हा कळले नाही.

सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी आम्हाला दिवसाच्या चुका रोज लिहायला लावले होते. त्यातून रोजनिशीची सवय लागली, ती आजवर आहे. पोते गेले त्या दिवसाची नोंद अशी: 'दुपारी सव्वादोन. श्रीपतीने कडूबाला जेवायला पाठवले, स्वतः कोठीवर बसला. नंतर सायकलवर पोते घालून गेला. विचारले, तर म्हणाला, साहेबांनी पलीकडच्या कामावर मागवलंय.'

साहेबांनी मागवले नव्हते. निवाड्याच्या रात्री मी वही यजमानांपुढे ठेवली. त्यांनी वाचली, मिटली.

"अप्पारावांशिवाय इथं एक दिवस काम चालायचं नाही," ते म्हणाले. "ती ट्रंकेत टाक."

मी टाकली. देवघरात गेले आणि दिवा लावला.

कडूबाचे नाव हजेरीवरून गेले. 'चोराच्या बायकोचं' म्हणत बायका चतुराबाईला पाणी घेऊ देईनात. आठवड्याने तिघेही गाव सोडून चालते झाले. पुढे श्रीपती माझ्यासमोरच एकाला सांगत होता, "भंडारा उचलायच्या आदल्या दिवशीच देवीला पाच नारळ बोलून आल्तो. ती समजून घेती." त्याचे काही वाटोळे झाले नाही. कडूबाला समजून घेणारे वर कुणीच नव्हते, म्हणून त्याने सांडलेली मूठसुद्धा घरी नेली नाही.

अठ्ठ्याहत्तर साली यजमान गेले. तेव्हा आमचे बिऱ्हाड परतूरला होते. सामान घेऊन मी जालन्याला मुलीकडे निघाले. स्टेशनवर हमाल पुढे आला, तो कडूबा. केस पांढरे झाले होते.

"चतुराबाई कशी आहे?"

"गेली. हितं आलो त्याच साली, बाळंतपनात. लेकरूबी गेलं. पोरगी हाय."

पाच वर्षे जे घोकत होते ते मी एका दमात सांगितले. श्रीपती, सायकल, सव्वादोन.

त्याने डोक्यावरची चुंबळ सारखी केली. मग म्हणाला, "श्रीपतीचा वहीम व्हता, डोळ्यानं पाह्यलं मातर नव्हतं. पर तुम्ही त्या दुपारी ओसरीत लिहून राह्यल्या व्हत्या. कोठी समोरच. जे झालं ते तुमच्या वहीत असन, हे ठावं व्हतं. देवळापाशी तुमचीच वाट पाह्यली. म्हनलं, बाई शिकलेल्या हायेत, येतील."

"मला क्षमा कर, कडूबा."

"क्षमा कराया मी काय देव हाय, बाई?"

रागाने म्हणाला असता तर बरे झाले असते. गाडी आली. त्याने खाली बसून माझी ट्रंक डोक्यावर घेतली. जड होती. त्र्याहत्तरची वही तिच्यातच होती. त्याने ती डब्यात नेऊन ठेवली, नीट, भिंतीला लावून, आणि दुसऱ्या उतारूकडे गेला.