टोपीवाल्याचे डोळे

शिंपीमास्तरांना मूलबाळ नव्हतं. होता तो एक गोल्डफिश. दुकानाच्या खिडकीशी, मशीनशेजारी त्याची काचेची पेटी. मुठीएवढं गुबगुबीत अंग, झालरीसारखं शेपूट आणि डोक्यावर लाल मांसाची फुगीर टोपी. म्हणून नाव टोपीवाला. नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवल्याशिवाय मास्तर पेटीत घालत नसत, आणि दाणे द्यायचे ते चिमटीनं. "पोट भरलेलं याला कळत नाही, खाऊन खाऊन मरेल," म्हणायचे.

"माझ्या ताटात कधी असं वाकून बघितलंत का?" मास्तरीणबाई विचारायच्या.

तर ही टोपी वाढत वाढत डोळ्यांवर उतरते. मग पुढ्यातला दाणाही माशाला दिसत नाही. दरवर्षी मास्तर त्याला ओल्या तळहातावर धरून बारीक कात्रीनं वाढीव मांस छाटायचे. रक्ताचा थेंब येत नसे.

यंदा मात्र मास्तरांची नजर जात चालली होती, आणि गेलेली परत यायची नाही असं डॉक्टरनं सांगितलं होतं. मास्तरांनी ते हसण्यावारी नेलं. शर्टांची काजं वाकडीतिकडी व्हायला लागली. ते दुपारी पडले, की बाई ती उसवून पुन्हा करायच्या आणि ब्र काढत नसत. शिवणकाम सुटलं तर हा माणूस उभा राहायचा नाही, एवढीच त्यांना धास्ती.

"अहो, यंदा मासेवाल्याकडून छाटून आणू या?"

"का? माझे हात काय झडलेत?"

"हातांचं नाही हो..."

"मग कशाचं?"

बाईंनी कात्री पुढे केली. ती चालली, आणि मासा परत सोडताच पाण्यात लाल धागा सुटला.

"झालं ना नीट?"

टोपीबरोबर डोळाही गेला होता. "झालं," बाई म्हणाल्या.

जखम चिघळली. बाईंनी चोरून पाण्यात मीठ घातलं. मास्तर दाणे टाकायचे, मासा तोंड लावायचा नाही, आणि बाई मागाहून गाळणीनं ते काढून घ्यायच्या.

एका सकाळी मास्तर खुशीत ओरडले, "अगं, बघ तरी! कसा वर आलाय खायला!"

टोपीवाला पोट वर करून तरंगत होता.

बाईंना हे खोटं पुढे रेटवेना. त्यांनी मास्तरांचा हात धरला आणि पाण्यात घातला. मास्तर कितीतरी वेळ मासा चाचपत राहिले. बोट डोळ्याच्या जागेवर येऊन थांबलं.

"आणि माझी काजं?"

"तीही."

"सगळी?"

"सगळी."

ओल्या हातानंच मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि चाचपत बाईंच्या गळ्यात घातली.

तेवढ्यात दारातून गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, माझा शर्ट झाला का?"

मास्तर खिडकीकडे तोंड करून बसले.

"बाईंना विचारा," ते म्हणाले.