आईचं 'रिमेंबर'

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, एका शिवणकारखान्याच्या वरच्या मजल्यावर, मी स्पोकन इंग्लिशचा क्लास घेते. त्यामुळे घरातल्या इंग्रजीची जबाबदारीही माझ्यावरच आहे.

दादा आयर्लंडला असतो. वहिनी तिथलीच, वृद्धाश्रमात नर्स. लग्नानंतर दोघं एकदाच आमच्याकडे बदलापूरला, शिरगावच्या घरी येऊन राहिली. तेव्हा वहिनी रोज सकाळी आईशेजारी बसून लसूण सोलायची. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं अक्षरही कळत नव्हतं, तरी गप्पा चालू असायच्या. ती गेल्यावर आई लसूण सोलताना गप्पच असायची.

एका रविवारी व्हिडिओ कॉलच्या आधी आईने विचारलं, "तुझी आठवण येते, असं सांगायचंय तिला. काय म्हणू?"

"आय मिस यू."

"मिस? गाडी मिस होते तसं?"

"तसं नाही गं. माणूस जवळ नसलं की चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं ना, ते."

"आणि आठवण म्हणजे?"

"रिमेंबर. पण ते वेगळं. ते नुसतं लक्षात असणं."

"मग आहेच की ती लक्षात," आई म्हणाली.

कॉल लागल्यावर तिने फोन तोंडाजवळ धरला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "आय रिमेंबर यू."

वहिनीने चेहरा कॅमेऱ्याजवळ आणला. मग तिने हळूहळू, एकेक शब्द सुटा करत स्वतःचं नाव सांगितलं आणि आपण थोरल्या मुलाची बायको आहोत हेही सांगितलं. आई म्हणाली, "यस, यस."

संध्याकाळी दादाने मला वेगळा फोन केला. "आईला विसरायला होतंय का गं? ही म्हणते, ओळख पुसट व्हायला लागली की त्यांच्या वृद्धाश्रमातली म्हातारी माणसं असंच बोलतात."

मी त्याला आईचा 'मिस' आणि 'रिमेंबर'चा घोळ समजावला. तो म्हणाला, "तरी दाखवून घे एकदा."

बीपी बघायचंय असं सांगून मी आईला अंबरनाथला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले. आईने सगळं बरोबर सांगितलं आणि दवाखान्यात कॅलेंडर का लावलं नाही, असं उलट त्यांनाच विचारलं.

परतताना रिक्षात मी तिला खरं काय ते सांगितलं.

"म्हणजे तिला वाटलं, मी तिला विसरले?"

पुढच्या रविवारी ती नीट पाठ करून बसली. "आय मिस यू" म्हटल्याबरोबर वहिनी रडायलाच लागली.

आईने घाबरून माझ्याकडे बघितलं. "चुकलं का काही?"

"नाही, बरोबर बोललीस."

"मग आधीचं बरं होतं. तेव्हा कुणी रडलं नव्हतं," असं म्हणत तिने स्वतःचे डोळे पुसले.

आता दोघं दिवाळीला येणार आहेत. "मी वाट बघतेय" कसं म्हणायचं, हे आईने कालच विचारलं. मी तिला 'वेटिंग' सांगितलं. 'एक्स्पेक्टिंग' सांगितलं असतं, तर पुन्हा अंबरनाथ गाठावं लागलं असतं, आणि या वेळी बायकांच्या डॉक्टरकडे.