दगड चाटणारे साहेब

साहेब दगड चाटायचे. रेडीच्या बाजूला लोखंडाचा दगड शोधायला आलेले हे घाटावरचे गृहस्थ थंडीत आमच्या पडवीत उतरले, ते पावसाळ्याआधीपर्यंत राहिले. दिसेल तो दगड हातोडीने फोडायचा, जिभेला लावायचा आणि वहीत काहीतरी लिहायचं. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "गो, ह्येंका मीठ कमी पडता काय? वायच ज्यास्त घाल." मी आठवडाभर घातलं. साहेब तांब्यामागून तांब्या पाणी प्यायला लागले.

ते पाणी मीच आणायची, उतरणीखालच्या बावीवरून. लग्नाचं दुसरं वर्ष, त्यात मला दिवस गेलेले. म्हणून मामंजींनी घरामागच्या परड्यात नवी बाव खणायला काढली होती.

साहेबांना काही समजावायचं झालं की उदाहरण जेवणाच्या पानातलंच लागे. एकदा घावण्यावर नारळाचा गोड रस ओतून म्हणाले, "हा घावणा म्हणजे तुमचा जांभा दगड, सगळा भोकाभोकांचा. पाऊस यातून खाली झिरपतो. खालचं केळीचं पान म्हणजे पांढरी शेडी माती. तिच्यावर पाणी अडतं. पान फाडलंत तर रस गेला! समुद्राचे ढग, ढगांचा पाऊस, पावसाचं पाणी पुन्हा समुद्रात. मधे थोडं आपल्याला." मामंजींना ते देवळात देवाला घालतात त्या गाऱ्हाण्यासारखं वाटलं असावं. "व्हय म्हाराजा!" ते म्हणाले. चौथीत मला भूगोल असा कोणी शिकवला नव्हता. मी दाराआडून ऐकत होते.

पुढे एकदा साहेब चार दिवस बाहेर गेले आणि इकडे बावीला पाणी लागलं. गुडघाभर, गोड. खाली पांढरी शेडी. पण मामंजींना तेवढ्याने समाधान कुठलं!

"शेजाऱ्याची बाव वीस हात आणि आमची चौदाच? जेवान झाला काय शेडी फोडूक घेवा रे!"

माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा ती उतरण आली. सासऱ्यांशी मी तोवर एक शब्दही बोलले नव्हते. चुलीशी गेले, घावणे काढले. मामंजींच्या पानाला मधोमध भोक पाडलं, वर घावणा ठेवला आणि रस ओतला. घावणा कोरडाच. पुन्हा ओतला. परड्यात गडी जेवून उठले होते. तिसऱ्यांदा ओतला, तेव्हा रस मामंजींच्या धोतराखाली पोचला.

"ह्या काय गो?" ते ताडकन उठले.

"शेडी फुटली," मी म्हटलं.

मामंजी पानाकडे बघत राहिले. मग तसेच परड्यात धावले. "थांबा रे! कुदळी वर काढा!"

संध्याकाळी साहेब परतले. नव्या बावीत डोकावले, ओंजळीतलं पाणी सवयीप्रमाणे आधी जिभेला लावलं. "वा! वेळेवर कोणी थांबवलं?"

"मियां," मामंजी म्हणाले. "माका कळता थोडा थोडा."

साहेबांनी त्यांच्या धोतराला लागलेल्या मुंग्या बघितल्या आणि दाराकडे वळून हात जोडले.

जाताना ते मला जांभ्याचा एक तुकडा देऊन गेले. कोणी नसताना मी तो चाटून बघितला. नुसती माती. बाव अजून चौदा हातच आहे, आणि मे महिन्यातही आटत नाही. मामंजी मात्र शेवटपर्यंत घावणा खाण्याआधी पान उचलून उजेडाकडे धरून बघायचे.