उसवलेली पुस्तकं

अनसूयाबाईंनी पहिलं पुस्तक उसवलं ते ब्लाउजची शिलाई उसवायच्या अर्ध्या ब्लेडनं. जाड कादंबरी होती, नवऱ्याच्या कपाटातली. पाठीवरचा कागद ओला करून सोलला, आतला दोरा कापला आणि पानांच्या जुड्या सुट्या केल्या. मग एकेका जुडीला सुईनं दोन टाके घालून पातळ पातळ पुस्तिका बनवायला बसल्या.

शेजारच्या कमलबाई फॉल लावायची साडी घेऊन दारात आल्या आणि तिथंच थांबल्या.

"अगं बाई, चांगलं पुस्तक फाडायलीस?"

"फाडायले न्हाई, उसवायलेय. पोरगं जाडी बघूनच पळतंय. असं थोडं थोडं दिलं तर वाचंल."

"मंग पोरालाच उसवून बघ की एकदा, आत काय भरलंय ते!"

दोघी हसल्या. आतल्या खोलीत योगीराज पंख्याच्या मोटारीला तार गुंडाळत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं, पण तो हसला नाही.

गंगाखेडला परळी रोडच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांच्या घरात ही शाळा चालायची. शिकवणारी एक, शिकणारा एक. अनसूयाबाईंनी लग्नाआधी डी.एड. केलं होतं. नोकरी कधी मिळाली नाही, शिवणकाम मिळालं. नवरा बन्सीधर साखर कारखान्यात कारकून होता. परभणीला गेला की एक पुस्तक घेतल्याशिवाय परत यायचा नाही. एकवीस सालच्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो परभणीच्या दवाखान्यात गेला तो गेलाच. प्रेत घरी आलं नाही. मागं राहिली दोन कपाटं पुस्तकं आणि बारा वर्षांचा योगीराज.

योगीराज आधी असा नव्हता. सव्वीस जानेवारीला माईकवर बोलायचा, खणखणीत वाचायचा. शाळा पुन्हा उघडल्यावर मात्र सरांनी धडा वाचायला उभं केलं की तो पुस्तक हातात धरून नुसता उभा राहायचा. तोंड उघडायचं नाही. सर आधी रागावले, मग थट्टा करायला लागले. वर्गातली पोरं त्याला 'म्यूट' म्हणायला लागली. नववीत त्यानं जाणंच सोडलं. अनसूयाबाई शाळेत भांडायला गेल्या नाहीत. त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे घरी अभ्यास करून दहावीला बाहेरून बसता येतं, आणि स्वतःच शिकवायचं ठरवलं.

गणित आणि विज्ञान योगीराज आपलं आपण करायचा. त्यात त्याला कुणी लागायचं नाही. खरी शाळा होती ती भाषेची. सकाळी दोन तास वाचन, आणि वाचन म्हणजे बन्सीधरची कपाटं. कादंबऱ्या, आत्मचरित्रं, प्रवासवर्णनं, कविता. वाचायचं आणि त्यावर पाच वाक्यं लिहायची. बोर्डाच्या पेपरला यातलं काहीच येणार नव्हतं.

दीर उद्धव राणीसावरगावहून महिन्यातून एकदा ज्वारी-डाळ घेऊन यायचा. तो म्हणायचा, "वहिनी, धडे सोडून ह्या पोथ्या काय वाचून घ्यायलात? लेकरू नापास होईल की."

"त्याच्या बापाची पुस्तकं हायत. वाचू द्या."

उद्धव मग पुढं बोलायचा नाही. कारण घाटावर तोही हजर होता.

दहाव्याच्या दिवशी गोदावरीच्या घाटावर योगीराज धरून घरची मोजकीच माणसं होती. एरवी बाया तिथं जात नाहीत, पण त्या दिवसांत सोबतीला माणूस मिळत नव्हता, म्हणून अनसूयाबाई अंगात कणकण असतानाच गेल्या. पिंड मांडले. कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं, गुरुजी मास्क खाली ओढून घड्याळ बघायला लागले. उद्धव हात जोडून म्हणाला, "दादा, शेताच्या वाटणीत मी तुझ्या लेकराला फसवणार न्हाई." कावळे पिंपळावर बसून राहिले. शेवटी अनसूयाबाई पुढं झाल्या. "पोराला मी शिकवीन. तुमची सगळी पुस्तकं त्याला वाचायला लावीन. तुमच्यासारखा वाचणारा करीन." त्या मागं सरल्या आणि एक कावळा उतरला. भाताला चोच लावली.

नवऱ्यानं आपल्याला दिलेलं हे शेवटचं उत्तर, असं अनसूयाबाईंनी धरलं. तेव्हापासून रोज फोटोपुढं दिवा लावताना त्या सांगायच्या, आज किती पानं झाली. बऱ्याचदा खोटं सांगायच्या.

कारण पानं होतच नव्हती. पातळ पुस्तिकांचाही उपयोग झाला नाही. योगीराज पुस्तिका मांडीवर घेऊन बसायचा, डोळे ओळीवर, आणि तासाभरानं विचारलं तर पहिल्याच पानावर. मोटारीच्या डब्यावरची बारीक अक्षरातली माहिती तो वाचायचा, मोबाईलवर वाचायचा, दुकानाच्या पाट्या वाचायचा. म्हणजे डोळ्यांत दोष नव्हता. फक्त गोष्ट आली की तो बंद व्हायचा. अनसूयाबाईंनी मोठ्या अक्षरांची पुस्तकं आणून बघितली. कविता देऊन बघितल्या. एकदा संतापून पाठीत धपाटा घातला, आणि मग स्वतःच मोरीत जाऊन रडल्या.

दिवाळीनंतर त्यांना एक गोष्ट सुचली. तू वाचू नको, मी वाचते, तू ऐक. योगीराज तेव्हा रस्त्यावरच्या, जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देणाऱ्या रिवाइंडिंगच्या दुकानातून काम घरी आणायचा. तो तार गुंडाळायचा आणि त्या शिलाईचं मशीन बंद ठेवून वाचायच्या. हे जमलं. तो ऐकायचा. मध्येच म्हणायचा, "हा मामलेदार लय चालू दिसतोय." अनसूयाबाईंना तर सणच वाटला. त्यांनी पाच वाक्यं लिहायला लावणं बंद केलं, तोंडीच बोलायला लावलं, आणि पोरगं बोलायला लागलं.

फक्त एक अडचण होती. पुस्तकात कुणी मरायला टेकलं की योगीराज उठायचा. पाणी प्यायला, नाहीतर गेटपाशी. मग त्या दिवशी परत बसायचा नाही. अनसूयाबाईंना वाटलं, बाप आठवत असेल. साहजिक आहे. त्यावर त्यांनी आपल्या परीनं उपाय काढला. आदल्या दिवशी पुढचं वाचून ठेवायचं आणि मरणाची पानं ब्लेडनं काढून टाकायची. पुस्तकं उसवलेलीच होती. कुणाला कळणार?

जानेवारीतली दुपार. त्या वाचत होत्या, योगीराज मोटारीच्या स्टेटरमध्ये तार बसवत होता. त्याचा हात थांबला.

"मधलं कुठं गेलं?"

"कुठलं मधलं?"

"काल ते म्हातारं आजारी होतं. आज त्याच्या खोलीत भाडेकरू आला. मधलं कुठंय?"

"कंटाळवाणं होतं रे. गाळलं."

तार हातातून सुटून फरशीवर उलगडत गेली. "गाळायचं न्हाई! आई, गाळायचं नसतंय!"

"अरं पण तुझ्यासाठीच..."

"गाळलं की ते तिथंच राहतंय."

"कोण राहतंय?"

योगीराज खाली वाकून तार गोळा करायला लागला. मग तारेकडंच बघत म्हणाला, "मी गाळलं होतं. बाबांची पोथी."

माणूस गेल्यावर दहा दिवस घरात पोथी वाचतात. जिवाला पुढच्या वाटेवर काय काय भोगावं लागतं, ते तिच्यात सांगितलेलं असतं. गेलेला जीव ते ऐकतो आणि त्याची वाट सोपी होते, असं मानतात. त्या साली वाचायला कुणीच यायला तयार नव्हतं. वाचणारे सिताराम महाराज फोनवर म्हणाले होते, "बाई, माझ्याबी घरात लेकरं हायत." अनसूयाबाई स्वतः तापात आतल्या खोलीत पडून होत्या. पोरगं चांगलं वाचतं, म्हणून त्यांनी योगीराजलाच दिव्यापुढं बसवलं. आतून त्याचा आवाज येत राहायचा. मध्ये तो अडखळला की त्या पडल्या पडल्या म्हणायच्या, "नीट वाच राजा. बाबा ऐकायलेत."

"उकळत्या तेलाचं आलं की मी दोन दोन पानं एकदम उलटायचो," योगीराज म्हणाला. "मला वाटायचं, मी तोंडानं वाचलं तर त्यांना तसं होईल. मंग घाटावर कावळा येईना. सगळे म्हणायलेत, काय राहिलं, काय राहिलं. मला माहीत होतं काय राहिलं."

"आला की रे कावळा."

"तू शब्द दिलास म्हणून आला. पोथीचं राहिलं ते राहिलंच. ते तिथंच अडकलेत, मी गाळलं त्या पानावर. मी वाचायला लागलो की तेच पान येतंय."

'तसं काही नसतं' हे तीन शब्द अनसूयाबाईंच्या ओठांवर आले. पण बाहेर पडेनात. पान गाळल्यानं काही होत नाही असं म्हणायचं, तर कावळ्यानं येण्यालाही काही अर्थ राहत नव्हता. मग घाटावर मिळालेलं उत्तर कुणाचं? आणि उत्तर खरं मानायचं, तर बन्सीधर चार वर्षं कुठं होता? त्या दिवशी त्यांनी फोटोपुढं दिवा लावला, पण काही सांगितलं नाही.

रविवारी उद्धव आला. त्याला हे कळलं तेव्हा तो हायसं वाटल्यासारखा बसला.

"एवढंच ना? मंग पुन्हा वाचून घ्या. दहा दिवस, एकबी पान न गाळता. दादाबी सुटंल आन् पोरगंबी सुटंल."

"परीक्षा महिन्यावर आलीय, भावजी."

"मी वाचतो," योगीराज म्हणाला.

तो लगेच उठला. हातपाय धुतले, फळीवरची लाल फडक्यातली पोथी काढली, फोटोपुढं बसला. पोथी उघडायची जागा त्याला शोधावी लागली नाही. बोट ओळीवर ठेवलं आणि तोंड उघडलं. आवाज आला नाही. बोट पुढं सरकेना, पण त्यानं ते काढलंही नाही. पुन्हा तोंड उघडलं.

"हां, कर सुरू, घाबरू नको. दादा ऐकायलाय," उद्धव म्हणाला.

ते ऐकलं आणि अनसूयाबाई उठल्या. त्यांनी पोराच्या हाताखालून पोथी ओढून घेतली आणि मिटली.

"त्या महिन्यात घाटावर जिकडंतिकडं पिंडच पिंड होते," त्या म्हणाल्या. "आठवतंय का भावजी? पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. कावळ्यांची पोटं भरलेली होती. म्हणून शिवत नव्हते. मंग त्यातल्या एकाला भूक लागली आन् तो आला. बस्स."

"वहिनी, काय बोलायलात! फोटोपुढं उभं राहून?"

"तेवढंच झालं तिथं. कुणी अडलं न्हाई, कुणी सुटलं न्हाई."

"मंग तुमी दादाला शब्द दिलात त्याचं काय?"

"दादाला कुठं पोचला? कावळ्यानं भात खाल्ला."

उद्धव चप्पल घालून बाहेर गेला. परतीची गाडी चार वाजता होती, तरी तो तेव्हाच गेला.

अनसूयाबाईंना वाटलं होतं, पोरगं आता रडेल, मोकळं होईल. योगीराज रडला नाही.

"हे तुला तवाच माहीत होतं?"

"न्हाई."

"मंग कवा कळलं?"

"आत्ता."

तो त्यांच्याकडं बघत राहिला. "मंग चार वर्षं मला कामून वाचायला लावलंस?"

अनसूयाबाईंनी पोथी फडक्यात बांधली आणि फळीवर ठेवली. बाहेर कुणीतरी ब्लाउज द्यायला आलं होतं, त्यांना नंतर या म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून घरातली गोष्टीची पुस्तकं बंद झाली. महिना हाताशी होता. अनसूयाबाईंनी भाषेच्या अभ्यासातून गोष्ट म्हणून जे होतं ते सगळं काढून टाकलं. व्याकरण, पत्रलेखन, जाहिरात, बातमी. डी.एड.च्या सरावातही त्यांनी इतकं कोरडं काही शिकवलं नव्हतं. योगीराज निमूट करायचा. 'म्हातारं', 'मामलेदार' असलं काही बोलायचा नाही. ऐकायला बसायचाही नाही. मोटारीचं काम तो आता दुकानातच करून यायला लागला.

फेब्रुवारीत पहिला पेपर मराठीचा होता. तो केंद्रावर एकटाच गेला. दुपारी आला, भाकरी खाल्ली.

"कसा गेला?"

"व्याकरण केलं. पत्र लिहिलं. उतारे सोडले."

"सगळे?"

"एक वाचायला घेतला होता. त्यात आजी होती. दवाखान्यात."

मे महिन्यात निकाल लागला. गणितात, विज्ञानात चांगले मार्क, बाकीच्यात पास, मराठीत नापास. कमलबाई म्हणाल्या, "एका विषयाचं काय एवढं? पुन्हा बसंल, निघून जाईल." कमलबाईंचं बरोबर होतं. पुरवणी परीक्षेचा फॉर्म सुटला होता. शेवटची तारीख अनसूयाबाईंना पाठ होती.

दिवा त्या अजून लावत होत्या. पण फोटोपुढं उभं राहून बोलायचं राहून गेलं होतं. स्वतःच्या तोंडानं सांगून टाकलं होतं की तिथं ऐकणारं कुणी नाही. तेव्हा नवरा गेला होता तो दवाखान्यात, दूर, न दिसता. ह्या वेळेस त्यांनी त्याला घरातून आपल्या हातानं काढला होता, आणि ज्याच्यासाठी काढला तो पोरगा दोन हातांच्या अंतरावर बसून मुकाट जेवत होता.

एका सकाळी दुकानात जाताना योगीराज दारात थांबला.

"फॉर्म भरू का?"

चार वर्षांत त्यांनी त्याला अशा प्रश्नाचं उत्तर देताना कधी विचार केला नव्हता. 'भर' हा शब्द जिभेवर तयार होता. त्यामागं कुणाचं नाव लावायचं, ते कळेना. बन्सीधरचं लावता येत नव्हतं. स्वतःचं लावायची त्यांची हिंमत झाली नाही.

"तुला वाटलं तर भर," त्या म्हणाल्या.

तो थोडा वेळ उभा राहिला. त्या अजून काही म्हणतील म्हणून असेल. मग सायकल काढून गेला.

अनसूयाबाई मशीनवर बसल्या. त्या आठवड्यात त्यांनी रोज तो घरी आला की त्याच्याकडं पाहिलं, पण विचारलं नाही. त्यानंही विषय काढला नाही. फॉर्म न भरताच तारीख निघून गेली.